गोधडीबाई, मुक्काम इंदूर

इंदुरात एखाद्या मराठी घरी गेलात, तर पहिल्या भेटीत ती तुमच्यासमोर यायची नाही. पोहे येतील, त्यांवर शेव येईल, जिरावण भुरभुरेल, सकाळची वेळ असली तर जोडीला जिलेबीही येईल. मुक्कामाला राहिलात तर रात्री दोन वाघ छापलेलं जाडजूड मिंक ब्लँकेट येईल. ती मात्र आतल्या खोलीत, लोखंडी पेटीवर, घडी घालून बसलेली असेल. घरच्यांना वाटतं, पाहुण्यांसमोर कशाला आणायची ही ठिगळांची बाई! तिचं मत निराळं आहे. ओळखदेख नसलेल्या माणसाच्या अंगावर जायला ती काही धर्मशाळेतली चादर नाही.

तरी तुमची म्हणून ओळख करून देतो. या गोधडीबाई. साताऱ्या-कोल्हापूरकडचे हिला वाकळ म्हणतात, माळव्यातले शेजारी गुदडी म्हणतात. होळकरांच्या फौजेमागून जी मराठी घरं नर्मदा ओलांडून इकडे आली, त्यांच्या गाठोड्यांतून हीही आली. गाठोडं हिचंच बांधलेलं असणार, त्यामुळे आली कसली, तिनेच सगळ्यांना आणलं, असं ती सांगते.

वय विचारू नका. वरचं लुगडं एका पिढीचं, आतलं धोतर त्याआधीच्या पिढीचं, आणि पार मधे बोटांनी चाचपलंत तर तिथे एक आख्खी जुनी गोधडीच सापडते. जीर्ण झाली म्हणून हिला कोणी टाकत नाही. तिच्यावर वरून-खालून दुसरं कापड घालतात आणि पुन्हा टाके मारतात. बाकीची माणसं म्हातारी होऊन जातात, ही आत सरकते.

लोक हिला गरीब समजतात, आणि तिथेच फसतात. हिच्याइतकी चोखंदळ बाई मी पाहिलेली नाही. हिच्याकडे जागा मिळवायची तर नवंकोरं असून भागत नाही, उलट नवेपणा हीच मोठी अपात्रता. कापडाने आधी बाहेर नोकरी करून यायचं. लुगडं असेल तर ते बारा-पंधरा वर्षं नेसलेलं, शेकडो वेळा धुतलेलं, खळ निघून गेलेलं, उन्हात विटलेलं आणि हाताला सायीसारखं लागणारं हवं. धोतर असेल तर त्याचं पंच्यात रूपांतर होऊन गेलेलं असलं तरी चालेल. दुकानातून थेट आलेल्या कापडाला ती म्हणते, ‘आधी फाटून ये.’

नायलॉन आणि टेरिलीनशी तर तिचं उघड वैर. साठ-सत्तरच्या दशकांत असल्या साड्या घरी धुवायच्या, झटकायच्या आणि बिनइस्त्रीच्या नेसायच्या, म्हणून सगळ्या सुना खूश होत्या. तेव्हा स्नेहलतागंजातल्या एका घरी थोरल्या सुनेने आपली फुलाफुलांची नायलॉनची साडी हिच्या पोटात सारली. बाईंनी तोंडावर काही सांगितलं नाही. दोन धुण्यांत ती साडी सगळे टाके चुकवून एका कोपऱ्यात गोळा होऊन बसली. तीन कोपरे सपाट आणि चौथ्यात उशी! कापूस घाम पितो, आकसतो, शेजारच्या पदराला धरून राहतो. नायलॉन कोणाचंच होत नाही, नुसतं घसरतं. शेवटी टाके उसवून ती साडी बाहेर काढावी लागली. पुढे तिने पडदा म्हणून बरी कामगिरी केली म्हणतात.

प्रवेश मिळाल्यावरही दर्जा असतोच. तोंडावर, म्हणजे माणसाच्या अंगाला लागणाऱ्या बाजूला, सर्वांत मऊ नऊवारी. पाठीलाही शक्यतो नऊवारीच. मधल्या पदरांत धोतरं, पलंगपोस, उशांचे अभ्रे, सदरे, परकर. आतल्या मंडळींबद्दल ती चकार शब्द काढत नाही. कुठे फाटली तरच एखाद्याचं नाव फुटतं. एकदा अशाच एका भोकातून खाकी अर्धी चड्डी डोकावली, आणि घरातले एक सेवानिवृत्त प्राध्यापक त्या दिवशी कोणाशी फारसं बोलले नाहीत. दुसऱ्या एका घरी पोटातून निवडणुकीचं कापड निघालं. ‘प्रचंड मतांनी विजयी करा’ एवढं वाचता येत होतं. उमेदवाराचं नाव शिवणीखाली गेलेलं. ते घर त्या पक्षाच्या कट्टर विरोधातलं होतं आणि कित्येक हिवाळे त्याच्याच उबेत झोपलं होतं.

हिच्या बांध्यामागे एक गणित आहे. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरला थोडा जास्त, म्हणजे चांगल्या उंच माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरून वर थोडं दुमडायला उरेल इतका. दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की वरची बाजू, दोन जोडले की खालची. एक लुगडं, एक गोधडी. कात्री तीन वेळा चालते, चिंधी उरत नाही. ज्या कोणी हे पहिल्यांदा बसवलं तिने शाळेचं तोंड पाहिलं नसेल, पण हिशेबाला ती पक्की होती. सहावारी आली तेव्हा हे गणित बिघडलं. सहावारीच्या साडेपाच मीटरांत एकच बाजू नीट निघते आणि दुसरीसाठी आणखी एक साडी लागते. मग दोन साड्यांचे रंग जुळत नाहीत, आणि त्यावरून जी चर्चा होते तीत अर्धी दुपार जाते. गोधडीबाईंना विचाराल तर महाराष्ट्रातली, आणि महाराष्ट्राबाहेरची, सर्वांत मोठी दुर्घटना म्हणजे बायकांनी नऊवारी सोडणं.

तिचा जन्म गच्चीवर होतो. दिवाळीनंतरची कोवळी उन्हं, खाली सतरंजी, तिच्यावर एकावर एक अंथरलेले पदर, आणि चार कोपऱ्यांवर वजन म्हणून वरवंटा, खलबत्ता, इस्त्री, जे हाताला लागेल ते. चौकट नाही, खडूने आखणी नाही. आधी मोठे सैल टाके घालून पदर जागच्या जागी धरायचे, मग कडेने साधा धावदोरा. कडेची फेरी पुरी झाली की बोटभर आत सरकायचं, तिथून पुन्हा चारी बाजूंनी फेरी. असं चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत जायचं. पाच-सहा पदरांतून सुई काढायची म्हणजे अंगठ्याची परीक्षा. जिथे सुई हट्टाला पेटते तिथे बायका ती दातांनी ओढतात. हे पुस्तकात लिहीत नाहीत, पण मी पाहिलेलं आहे.

एक गोधडी एका हाताची क्वचितच असते. शेजारच्या काकू येतात, बोलताबोलता एक ओळ घालून जातात. सुट्टीला आलेली नणंद दुसरी घालते. त्यामुळे हिच्या अंगावर सगळ्यांची नोंद असते. बारीक, घट्ट, तांदळाएवढे टाके म्हणजे सासूबाई. लांबलचक, पळत सुटलेले टाके म्हणजे जिला मॅटिनी गाठायची होती ती धाकटी जाऊ. मधेच एक ओळ तिरकी गेलेली असते. तिथे काहीतरी खुमासदार बातमी आली असणार. ती बातमी काय होती हे आता फक्त बाईंना ठाऊक, आणि त्या, आधी सांगितलंच, बोलत नाहीत.

माळव्यात तिचं फावलं याचं कारण इथली हवा. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र अशी उत्तर हिंदुस्थानात जुनी ख्याती आहे. दिवस कितीही तापला तरी पठारावरची रात्र गार पडते. महाराष्ट्रातल्या कैक गावांत गोधडी चार महिने कामाला असते आणि आठ महिने पेटीत. इंदुरात तिला बारमाही नोकरी लागली. डिसेंबर-जानेवारीत दोन एकमेकींवर. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर झोपणाऱ्यांना पहाटे पायांवर ओढायला एखादी पातळ. पहाटे चारला जो तो झोपेतच तिला चाचपतो आणि शेजारच्याच्या अंगावरची ओढतो. घराघरांतल्या भावंडांची पहिली भांडणं हिच्यावरून झालेली आहेत. ही त्यात कधीच कोणाची बाजू घेत नाही, फक्त थोडी उसवते.

तिचा मुख्य गुण म्हणजे वजन. हिवाळ्यात फुटपाथवर जयपुरी रजया लागतात आणि विक्रेते ‘पावभर कापसाची’ म्हणून त्यांचं कौतुक करतात. गोधडीबाईंना यात कौतुक काय तेच कळत नाही. रात्री पावभराची वस्तू अंगावर आहे की नाही हे तपासायला उठायचं का? आणि ते वाघवालं ब्लँकेट तर पलंगावरून उतरून पहाटे फरशीवर झोपलेलं असतं. गोधडी एकदा अंगावर बसली की सकाळी तुम्हालाच तिला उठवावं लागतं.

रजईचा आणखी एक भाग तिला हसवतो, तो म्हणजे पिंजारी. कापूस बसला की रजई उसवायची, पिंजून घ्यायचा, पुन्हा भरायचा. हिच्या पोटात कापूस नाही, कापडच आहे. त्यामुळे गाठी होत नाहीत, पिंजाऱ्याची वाट बघावी लागत नाही, दर हिवाळ्याला नवा खर्च नाही. ‘रजईचं माहेर बाजारात,’ असं ती म्हणते. आपलं माहेर कुठे, ते सांगायची गरज तिला वाटत नाही.

रागाचं मात्र विचारू नका. तो धुण्याच्या दिवशी दिसतो. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचा रिवाज आहे, आणि तो दिवस घरात कोणालाच आवडत नाही. कोरडी असताना मांडीवर बसणारी ही बाई पाणी प्यायली की दोन माणसांना आटोपत नाही. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि उलट्या दिशांनी पिळायचं. नवरा-बायकोने मिळून करायच्या कामांत याच्याइतकं परस्परविरोधी दुसरं नाही. मशीनमध्ये घातलीत तर मशीन घरभर चालत सुटतं आणि शेवटी लाल दिवा लावून उभं राहतं. आणि वाळण्याची घाई केलेली तिला खपत नाही. गच्चीच्या कठड्यावर ती दोन दिवस पसरून राहते, मधे पाऊस आला तर तिसरा. अर्धवट वाळलेली घडी घातलीत तर असा वास धरते की पेटीतल्या डांबरगोळ्याही हात टेकतात.

बाईंच्या मनात एक सल आहे, आणि तो थेट राजघराण्यापर्यंत जातो. होळकर धनगर. मल्हारराव वाढले खानदेशात, मामाच्या घरी, आणि धनगराचं पांघरूण म्हणजे घोंगडी. त्यामुळे या शहरात घोंगडीला जो मान आहे तो गोधडीला नाही. घोंगडी खंडोबाच्या पूजेला बसते, तिच्यावर भंडारा उधळतात. ‘ती एका मेंढराची,’ गोधडीबाई नाक मुरडून म्हणते, ‘मी आख्ख्या खानदानाची.’ मग स्वतःचा दाखला काढते. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, त्यांच्या मागावरचं लुगडं पुढे घराघरांत पोचलं, आणि हयात संपल्यावर ते आलं कुठे? हिच्याकडेच. जिच्या अंगावर जुन्या महेश्वरीचे काठ असतात ती गोधडी घडी घालताना हमखास काठाची बाजू वर करून बसते. मुद्दाम नाही म्हणे, सवयीने.

या शहराने तिला दुसरंही एक घराणं दिलं, ते गिरण्यांचं. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल, स्वदेशी मिल. भोंग्यावर अर्धं इंदूर उठायचं. परदेशीपुऱ्यातल्या गोधड्या त्यामुळे दिसायलाही वेगळ्या असत. लुगडी कमी, मिलचं जाडं मांजरपाट जास्त. तब्येतीने कणखर, स्वभावाने रोखठोक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांना मुहूर्त लागला तो २०२३ च्या डिसेंबरात, तेव्हा कित्येक जण ते घ्यायला उरलेही नव्हते. मिलचं कापड मात्र गोधड्यांच्या पोटात इतकी वर्षं रोजच्या रोज कामावर होतं. त्याला कोणी बोनस दिल्याचं ऐकिवात नाही.

बंद मिलांची एक गोष्ट अजून चालू आहे: अनंत चतुर्दशीच्या झांक्या. सुमारे शंभर वर्षांचा रिवाज. दिव्यांनी लखलखणारे देखावे रात्रभर रस्त्यांवरून सरकतात आणि सगळं शहर जागं राहून ते बघतं. त्या रात्री गोधडीबाई घराबाहेर पडते. संध्याकाळीच कोणा नातवाबरोबर तिला फुटपाथवर धाडतात, जागा धरायला. ती पसरून बसली की तिच्या चार कोपऱ्यांच्या आत पाय टाकायची कोणाची हिंमत होत नाही. मागाहून घरचे डबे घेऊन येतात, मुलं तिच्यावरच लवंडतात, हनुमान आणि लंकादहन बघायला उठवावी लागतात. पहाटे दव पडतं तेव्हा जिच्यावर बसले होते तीच सगळ्यांच्या डोक्यांवर येते. त्यानंतर आठवडाभर तिच्यात भाजलेल्या भुट्ट्याचे दाणे सापडतात.

प्रवासाची हौस पूर्वी फार होती. खांडव्याच्या मीटरगेजवर महू, पाताळपाणी, कालाकुंड करत जाणारी गाडी, खांडव्याला उतरून मुंबईकडची मोठी गाडी पकडायची, आणि हे सगळं होल्डॉलमध्ये गुंडाळून. होल्डॉलच्या पट्ट्या आवळल्या की तिचा जीव घुसमटायचा, पण पुण्याच्या लग्नघरी पोचल्यावर ती असा काही पसारा मांडायची की वऱ्हाडातली पाच पोरं तिच्यावर आडवी मावायची. ‘इंदूरवाल्यांची गोधडी मोठी आहे हो,’ असं पुण्याच्या कोणा काकू म्हणाल्या होत्या. पुणेकरांकडून मिळालेली दाद म्हणून ती हे वाक्य अजून सांभाळून आहे. आता रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात पांढऱ्या चादरीचं पाकीट मिळतं. हिचं तिकीट कापलं गेलं.

हिचा गोतावळा मोठा. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इंदुरात आली, त्यांच्याबरोबर रल्ली आली. ती चटकदार रंगांची आणि चौकोन-त्रिकोण नेमके कापून जोडणारी. शेजारशेजारच्या गच्च्यांवर दोघी वाळत असतात. रल्लीची भूमिती बघून गोधडीला जरा कमीपणा वाटतो, पण ‘तिला नटायला वेळ आहे’ म्हणून ती विषय संपवते. कर्नाटकात हल्याळ-येल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी ही तिची खरी मैत्रीण. तीही कडेने शिवत मध्यापर्यंत जाते, जुनं कापडच घेते आणि कोपऱ्यांवर छोटी त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय पुरी झाली असं मानत नाही. बंगालची कांथा शिकलेली आहे. तिच्यावर हत्ती, कमळं, रथ भरतात, ती शहाणी समजली जाते. गोधडी तिच्याशी आदराने वागते, फार जवळ जात नाही.

आणि एक नातेवाईक अमेरिकेत. त्यांचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं.

पेनसिल्व्हेनियात नोकरीला असलेला इथला एक मुलगा दिवाळीला घरी आला, तेव्हा त्याने आजीला फोनवर फोटो दाखवला. लँकेस्टर परगण्यात आमिश नावाचे लोक राहतात. घोडागाडीतून फिरतात, घरात बाहेरच्या तारांवरची वीज घेत नाहीत, साधे एकरंगी कपडे घालतात. त्यांच्या बायकांनी शिवलेली ही रजई. काळसर जांभळ्या चौकोनात मधोमध लाल हिऱ्याचा आकार, भोवती निळा पट्टा. ना फूल, ना बुट्टी, ना छापील कापड. आजीने चष्मा पुसून बघितला.

‘कोणाचं रे लुगडं होतं?’

‘लुगडं नव्हतं आजी. लोकरीचं नवीन कापड विकत आणतात.’

‘मग फाटलं कसं?’

‘फाटलं नाही. कापतात आणि पुन्हा जोडतात.’

आजीने फोन परत दिला. ‘हात चांगला आहे हो पोरींचा,’ एवढंच म्हणाली. गोधडीबाई मात्र त्या रात्री बराच वेळ कुरकुरत होती. धडधाकट कापड कापून ठिगळं करायची! हे दुःख नसताना रडण्यासारखं झालं.

माझं मत विचाराल तर दोघींत भांडण्यासारखं फार नाही. आमिश पंथ फुटून वेगळा झाला तो स्वित्झर्लंड आणि अल्सासच्या बाजूला, १६९३ मध्ये, म्हणजे मल्हारराव होळकर जन्मले त्याच साली. मल्हारराव पुढे नर्मदेच्या उत्तरेला आले. आमिश अठराव्या शतकात समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियात. पण ही रजई त्यांनी युरोपातून नेली नव्हती. ती त्यांनी अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून उचलली, तीही उशिरा, एकोणिसाव्या शतकात. शिकल्यावर मात्र अशी आपली केली की शेजारी मागे पडले. तुकडे पायमशीनवर जोडायचे, मग चौकटीवर ताणून भोवती बायकांनी गोलाने बसायचं आणि हाताने टाके घालायचे. अंगावर फुलाचं कापड चालत नाही, म्हणून त्या गडद रंगाच्या मोकळ्या जागेत त्याच रंगाच्या दोऱ्याने पिसं, वेली, पुष्पचक्रं शिवतात. लांबून बघाल तर संन्यासीण, जवळून बघाल तर नखशिखांत नटलेली. हा कावा गोधडीबाईंना आवडला. ‘हिच्यात आमचं रक्त आहे,’ म्हणाली.

पुढचं ऐकून मात्र तिचं डोकं फिरलं. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने अमेरिकन रजया पलंगावरून उचलून भिंतीवर टांगल्या, चित्रांसारख्या. त्यानंतर संग्राहक आमिश घरांची दारं ठोठावू लागले, आणि आज लँकेस्टरच्या दुकानात चांगल्या रजईला हजारभर डॉलर सहज पडतात. त्यांतल्या काही रजयांवरची बारीक सुई तर लाओसहून निर्वासित होऊन आलेल्या ह्माँग बायकांची असते. म्हणजे शिवणार एक, नाव दुसरीचं. ‘हे आमच्याकडेही चालतं,’ बाई म्हणाल्या. ‘आमच्याकडे नाव सासूचं.’

आता इंदुरातही तिचे दिवस पालटले आहेत, आणि ही गोष्ट तिच्या डोक्यात गेली आहे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर २०१३ मध्ये पुस्तक काढलं, तेव्हापासून ती घडी घालताना जरा ताठ बसते. परवा विजयनगरच्या एका बुटीकवाल्या बाईने गच्चीवर वाळणारी गोधडी बघून खालूनच विचारलं, ‘आंटी, ये बेचोगे क्या?’ आंटी काही बोलायच्या आत वारा नसताना गोधडी हलली, असं आंटी शपथेवर सांगतात.

त्याच बुटीकमध्ये तिची एक तोतया आहे. रेडीमेडच्या कारखान्यांतली कोरी कात्रणं मशीनवर जोडलेली, आत स्पंजचा थर, कडेला पायपिन, आणि ‘आजीच्या मायेची ऊब’ अशी चिठ्ठी. हिची आजी कोण, ते त्या चिठ्ठीत नसतं. खरी गोधडी असलं काही लिहून घेत नाही. तिच्यात आजी अक्षरशः असतेच, काठापदरासकट, आणि मायेबरोबर आजीच्या तपकिरीचा वासही असतो.

स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ पासून इंदूर वर्षामागून वर्ष पहिलं आलं, त्याचा तिला आनंद झाला, आश्चर्य नाही. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, लोक ओला, सुका, प्लास्टिक वेगवेगळं नेऊन टाकतात. घरातल्या जुन्या कपड्यांचं काय करायचं यावर महापालिकेने केंद्रं काढली. ती म्हणते, मला विचारायचं होतं. तिच्या हयातीत या घरातून सुती चिंधी कधी बाहेर गेली नाही. गोधडीची झाली लेकराच्या पाळण्यातली दुपटी, दुपट्यांचं झालं पायपुसणं, पायपुसण्याचा झाला स्कूटर पुसायचा फडका. मग एके दिवशी तो फडकाच उरला नाही. कुठे गेला, कोणालाच आठवत नाही.

दुपट्यांवरून आठवलं. तान्ह्या बाळाला पहिले काही दिवस कोरं कापड घालत नाहीत, जुनंच घालतात. त्या वेळी गोधडीबाईंचा तोरा बघावा. एरवी आधुनिक असलेलं सगळं घर तिच्या दाराशी येतं. न्यू जर्सीत बाळंत होणाऱ्या मुलीसाठी इथून दुपटी जातात. कुरिअरचा खर्च दुपट्यांच्या किमतीच्या कैक पट, कारण दुपट्यांना किंमतच नसते. पार्सलच्या कागदावर वस्तूचं मूल्य लिहायचा रकाना असतो, तिथे घरोघरी अडतात. एका काकूंनी तिथे ‘अमूल्य’ लिहिलं, तर काउंटरवरच्या पोराने ते खोडून शंभर रुपये केले. ‘भिया, आकडा तो लिखना पडेगा,’ म्हणाला.

सध्याची अडचण अशी की नऊवारी संपत आली आहे. घरात शेवटची दोन लुगडी आहेत आणि नेसणारी एक. नव्या सूनबाई सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत जातात आणि रोज जीन्स घालतात. त्या मुलीला गोधडीची हौस खरी. तिने महेश्वरहून चांगली दोन सुती लुगडी मागवली आणि थेट गच्चीवर अंथरली. सुई घातली, तर कोऱ्या कापडाने सुई वाकवली. सासूबाई हसून म्हणाल्या, ‘अगं, आधी दहा-बारा वर्षं नेस, मग बोलू.’ लुगडी कपाटात गेली. मग सूनबाईंनी तोड काढली. घरातल्या सगळ्या विटलेल्या, गुडघ्यांवर झिजलेल्या जीन्स एकत्र केल्या आणि त्यांच्या पट्ट्या कापल्या.

गोधडीबाई सात दिवस गप्प होती. जीन्स सुती आहे, वर्षानुवर्षं अंगावर झिजलेली आहे, धुवून-धुवून रंग गेलेला आहे. नियमाने तिला नाही म्हणता येईना. दाभणाशिवाय टाका जात नाही, हेही तिने मान्य केलं. सध्या बोलणी खिशांवर अडली आहेत. सूनबाईंना ते ठेवायचे आहेत, फोनसाठी.